राणीचा घेर, चोळीची गाठ

चिंचवडचा आणि व्हिक्टोरिया राणीचा संबंध इतिहासाच्या पुस्तकात एका रात्रीपुरता येतो. २२ जून १८९७. राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव, गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्यावर मेजवानी, आणि तिथून परतणाऱ्या रँड आणि आयर्स्ट या इंग्रज अधिकाऱ्यांवर चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्या. मुंबईतल्या राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर आपणच फासले, हेही दामोदर हरी चापेकरांनी पुढे सांगितले. १८ एप्रिल १८९८ रोजी ते फासावर गेले. चिंचवडगावात चौकाला, वाड्याला, स्मारकाला त्यांचे नाव आहे.

त्या रात्रीचे कपडे मात्र कोणी मोजले नाहीत. गणेशखिंडीत जमलेल्या मडमांच्या अंगावर तेव्हाच्या फॅशनप्रमाणे खाली फाकत गेलेला लांबलचक झगा, आत कमरेला आवळलेला कॉर्सेट, आणि दोनच वर्षांपूर्वी फुग्यासारख्या फुगलेल्या पण आता ओसरू लागलेल्या बाह्या असणार. त्याच रात्री चिंचवडच्या वाड्यांमधल्या बायकांच्या अंगावर नऊवारी लुगडे आणि पुढे गाठ मारलेली चोळी. हे दोन पोशाख एकमेकांना पूर्ण परके वाटतात. पण झगा आणि चोळी दोन्ही सुईने शिवलेले, आणि दोन्हीकडची सुई इंग्लंडातल्या एकाच गावातून आलेली असण्याची शक्यता मोठी. ते गाव रेडिच. एकोणिसाव्या शतकात जगातल्या बहुतांश सुया तिथे बनत.

व्हिक्टोरियन काळातले बायकांचे कपडे हाताने शिवणारी हौशी मंडळी आज युरोप-अमेरिकेत बरीच आहेत. जुन्या पद्धतीने, मशीनला हात न लावता, मेण चोळलेल्या दोऱ्याने ती शिवतात. आपल्याकडे ते काम करायचे तर झगा कशाला शिवायचा? राणीचे राज्य १८३७ ते १९०१. त्या चौसष्ट वर्षांत मराठी बाई काय शिवत होती आणि कशी, हा प्रश्न आपला आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याला फारसे येत नाही. तीन जानेवारीला शाळेत सावित्रीबाई होऊन येणाऱ्या मुलींकडे पाहा. कपाळावर आडवी चिरी बरोबर असते, डोक्यावरचा पदर बरोबर असतो, आणि आत ब्लाऊज असतो तो आईच्या शिंप्याने मुंढा गोल कापून, टक्स घालून, हूक लावून दिलेला. त्या ब्लाऊजला १८४८ साली कोणी ओळखले नसते.

मग तेव्हाची चोळी होती कशी? जुन्या मराठी चोळीचा बेत शिंप्याच्या आजच्या हिशेबाने पाहिला तर चुकीचा वाटतो, कारण त्यात वळणेच जवळजवळ नाहीत. चोळीपुरते विणलेले कापड म्हणजे खण. गुळेदगुड्डचे खण आजही बाजारात मिळतात. हा खण सरळ रेषांत कापायचा. एक पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या, आणि काखेत बसवायच्या तिकोनी कळ्या. खणाचे काठ वाया न घालवता बाह्यांच्या तोंडाशी आणि खालच्या कडेला आणायचे. गुजराती-राजस्थानी कांचळीची पाठ उघडी असते. मराठी चोळीची पाठ झाकलेली. पुढे बटण नाही, काजे नाही, हूक नाही. दोन्ही टोके ओढून छातीखाली गाठ.

या साध्या दिसणाऱ्या बेतात सगळी हुशारी काखेतल्या कळीत आहे. चोळी अंगाला घट्ट, आणि ती घालणारी बाई पहाटे जात्यावर बसणार, मुसळ उचलणार, विहिरीतून पोहरा ओढणार, डोक्यावर हंडा धरणार. घट्ट बाहीत हात वर गेला की सगळी चोळी वर चढते किंवा काखेत टरकन फाटते. तिकोनी कळी तिथे तिरप्या धाग्याचे कापड आणून ठेवते, आणि तिरपे कापड ताणले जाते. गाठीचेही तसेच. दिवस गेलेल्या बाईला, अंगावर पाजणाऱ्या बाईला, वयाने सुटलेल्या बाईला तीच चोळी चालते. गाठ थोडी सैल किंवा थोडी आवळ एवढाच फरक.

आता समोर विलायती बॉडीस ठेवा. १८४० ते ६० च्या दरम्यानच्या बॉडीसची खांद्याची शिवण दंडावर उतरलेली असे, बाही खालून जोडलेली आणि अरुंद. त्या कपड्यात हात खांद्याच्या वर नीट जात नसे. ज्या बाईला हात वर करावा लागत नाही तिचा तो कपडा होता. आत अस्तर, अस्तराला व्हेलच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्या, शिवणींमधून दोरी भरलेली पायपिंग, पाठीला किंवा पुढे हुकांची रांग. कारागिरी म्हणून तो अचाट प्रकार आहे, यात शंका नाही. फक्त कोणाच्या अंगासाठी आणि कोणत्या कामासाठी कपडा बेतला आहे, हे शिवणीवरून वाचता येते. त्या वाचनात आपली चोळी मला जास्त शहाणी वाटते.

टाके मात्र दोन्हीकडे जवळजवळ तेच. धावदोरा, ताण येतो तिथे टीप, म्हणजे प्रत्येक टाका मागे घेऊन पुढे जायचे, कडेला हेम, आणि सुरुवातीला सगळे जुळवून धरायला कच्चा दोरा. विलायती मुलींना शाळेत हे टाके पट्टीच्या धाकात गिरवावे लागत. आपल्याकडे आई-आजी-सासू असा तो वारसा होता, आणि मोठ्या घरांत घरी येऊन बसणारा शिंपी होता. दोन्ही ठिकाणी हाताच्या शिवणीचा एक फायदा फार मोलाचा मानला जाई: ती उसवता येते. कापड महाग, मजुरी स्वस्त, असा तो जमाना. विलायतेत रेशमी झगा उसवून, कापड उलटे करून, नव्या फॅशनचा झगा त्यातूनच निघे. आपल्याकडे लुगडे विरले की त्याचे परकर, परकराची झबली, आणि उरलेल्याची गोधडी.

शिवणारणीचे हाल हा या कारागिरीचा दुसरा भाग. थॉमस हूड या कवीने १८४३ साली लंडनच्या ‘पंच’मध्ये सदरे शिवणाऱ्या बाईवर कविता लिहिली आणि ती देशभर गाजली. अठरा तास शिवून पोट न भरणाऱ्या बायका लंडनमध्ये हजारोंनी होत्या. मग मशीन आले. एलियस होवने १८४६ मध्ये, आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये पेटंट घेतले. व्हीलर अँड विल्सन या कंपनीने हातशिलाई आणि मशीन यांची तुलना छापली होती: पुरुषी सदरा हाताने १४ तास २६ मिनिटे, मशीनवर १ तास १६ मिनिटे. मशीन विकणाऱ्यांचाच हिशेब तो, थोडा पदरचा असेल. पण दिशा खोटी नाही. तरीही सगळी शिवण मशीनवर गेली नाही. लांब सरळ शिवणी मशीनने, आणि काजे, अस्तर, लेस, कडा हाताने, अशी वाटणी शतक संपेपर्यंत राहिली.

इथे चिंचवडच्या वाचकासाठी थोडे विषयांतर. आपल्या या पट्ट्यात, पिंपरीपासून आकुर्डी-चाकणपर्यंत, गाड्या आणि गाड्यांचे सुटे भाग यांवर लाखो घरे चालतात. या धंद्याचे मूळ बायकांच्या कपड्यांत शोधावे असे कोणाला वाटणार नाही. पण रॉयल एनफिल्डची सुरुवात रेडिचजवळच्या जॉर्ज टाउनसेंड यांच्या सुयांच्या कारखान्यात झाली. १८५६ च्या सुमारास झग्याला घुमटासारखा घेर देणारे पोलादी कड्यांचे क्रिनोलिन आले, तेव्हा प्यूजो कुटुंब त्यासाठी पोलादी कड्या बनवत होते, मोटारी पुढच्या. जर्मनीत अ‍ॅडम ओपेलने १८६२ साली शिवणयंत्रांपासून सुरुवात केली. आणि स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीने १८७२ पासून शिवणयंत्रे बनवली. त्याच नावाच्या मोटारसायकली आज बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडतात. पातळ पोलाद नेमके वाकवणे, अणकुचीदार करणे, एका लयीत वरखाली हलवणे: ही विद्या आधी सुईने आणि झग्याने पोसली. चाकणच्या पाळीला जाणाऱ्या मुलाने हे एकदा आजीच्या सुईच्या डबीकडे बघून लक्षात घ्यावे.

मशीन आपल्याकडे यायला फार वेळ लागला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंगर कंपनीने मुंबईत बस्तान बसवले आणि नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांच्या हाती कारभार देऊन देशभर पसारा वाढवला. पुढे १९२४ साली यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींनीही सिंगरच्या मशीनचा अपवाद केला.

मशीनच्या आधी बदलला तो बेत. पारशी बायकांच्या लेस लावलेल्या, लांब बाह्यांच्या पोलक्यांकडे मुंबईतल्या सुधारक घरांचे लक्ष गेले. पती सत्येंद्रनाथ टागोरांबरोबर १८६० च्या दशकात मुंबईत राहिलेल्या ज्ञानदानंदिनीदेवी ही पारशी धाटणीची साडी, आतला परकर आणि ब्लाऊज घेऊन कलकत्त्याला परतल्या, आणि बंगालच्या भद्र घरांत तीच रीत पुढे रुजली. म्हणजे ज्याला आज सगळा देश साडी-ब्लाऊज म्हणतो त्याचा एक धागा मुंबईच्या शिंप्यांच्या दुकानातून जातो. आपल्याकडे चोळीची गाठ मागे पडत गेली. आधी पोलके, मग झंपर, मग ब्लाऊज. मुंढा गोल झाला, टक्स आले, हूक आले, बाही कधी फुग्याची तर कधी कोपरापर्यंत.

राजा रविवर्म्यांची चित्रे या बदलाची मोठी जाहिरात ठरली, असे माझे मत. त्यांनी लक्ष्मी-सरस्वतीला साडी नेसवली, अंगाला बेतशीर चोळी घातली, आणि छापील चित्रांनी ती घराघरांत नेली. त्यांचा छापखाना घाटकोपरहून १८९९ साली मळवलीला आला. चिंचवडहून लोणावळा लोकलमध्ये बसले की मळवली तासाभराच्या आत येते. कार्ल्याची लेणी बघायला तिथे उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की देवघरातल्या देवींचे कपडे इथून छापून गेले.

उलट दिशेचा प्रवास आनंदीबाई जोशींचा. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. जाण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात त्यांनी सांगून ठेवले होते की आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. अमेरिकेत नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहत, आणि थंडी तर फिलाडेल्फियाची. त्यांनी झगा घातला नाही. गुजराती पद्धतीची, पाय झाकणारी साडी नेसली. १८८५ सालचे, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली यांच्याबरोबरचे त्यांचे छायाचित्र बहुतेकांनी पाहिलेले असते. तिघी तीन देशांच्या पोशाखांत. ते चित्र मोठे करून, शिवणींकडे नजर ठेवून पाहावे. एरवी आपण फक्त चेहरे पाहतो.

शिवण शिकवण्याला समाजाचा कधीच विरोध नव्हता, हेही नोंदवायला हवे. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली तेव्हा विरोधकांची तक्रार इंग्रजी आणि वरच्या शिक्षणाबद्दल होती. मुलींना शिवण-टिपण आणि घरकाम शिकवा, असेच त्यांचे म्हणणे. सुई बायकांच्या हातात निर्धोक मानली गेली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात, आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने, त्याच सुईचा उपयोग बाईला स्वतःच्या पायावर उभे करण्यासाठी केला. शिकायला येणाऱ्यांत विधवा पुष्कळ. केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेला आलवण नेसावे लागे आणि चोळी तिला वर्ज्य होती. जिला स्वतः चोळी घालायची नाही तिने दुसऱ्यांच्या पोलक्यांची शिलाई करून पोट भरायचे: त्या काळच्या शिवणकामाचा इतिहास लिहायचा तर हे पान गाळता येणार नाही.

कपड्यांखेरीजच्या वस्तूंत तर दोन्हीकडची साम्ये गमतीची आहेत. विलायती बाईची दोरी ओढून तोंड आवळायची पिशवी म्हणजे आपला बटवा. सुया, दोरे, कात्री ठेवायची, कप्प्याकप्प्यांची, गुंडाळून बांधायची त्यांची कापडी सुरळी. आणि पान, सुपारी, चुना ठेवायची आपली चंची. बांधणी जवळजवळ एक. तान्ह्या बाळाचे त्यांचे बॉनेट आणि आपली कुंची: डोक्याला टोपी, मागे खांद्यावर पडणारा झोळ, कडेला झालर. कुंची, झबली, टोपडी, दुपटी हे सगळे मऊ झालेल्या जुन्या सुती लुगड्यातून हाताने शिवायचे, कारण मशीनची जाड शिवण बाळाच्या अंगाला टोचते. क्रोशाचे काम आपण त्यांच्याकडून घेतले आणि मग सोडलेच नाही. परकराची लेस, पोलक्याच्या बाहीची कड, रुमाल, दारावरचे तोरण, पुढे टीव्हीवरचे झाकणसुद्धा. पांढऱ्या झग्याची कथाही तशीच. १० फेब्रुवारी १८४० रोजी राणीने पांढऱ्या साटिनचा, डेव्हनच्या हातविणीच्या लेसचा झगा घालून लग्न केले, आणि नवरीने पांढरे घालावे ही चाल पसरली. वसईच्या मराठी ख्रिस्ती घरांत जिथे लाल लुगड्यात लग्ने लागत, तिथेही आज चर्चच्या दारात पांढरा झगाच दिसतो.

आता आजच्या चिंचवडकडे. हातशिलाई इथे संपली आहे, असे कोणाला वाटत असेल तर त्याने कोणत्याही सोसायटीच्या फाटकावरच्या पाट्या वाचाव्यात: ‘फॉल-पिको करून मिळेल’. पिको मशीनचे, फॉल मात्र हाताचा. आधी फॉल भिजवून वाळवायचा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतो आणि साडीला चुण्या पडतात. मग इस्त्री, साडीच्या रंगाचा नेमका दोरा, खालची कड आधी, मग वरची, आणि साडीच्या एकदोन धाग्यांपलीकडे सुई जाऊ द्यायची नाही, म्हणजे उजव्या बाजूला टाका दिसत नाही. हा शंभर टक्के तोच हेमचा टाका आहे जो लंडनच्या शाळेत मुली गिरवत होत्या. ब्लाऊजचे हूक, हुकांची दोऱ्याची काजी, हेसुद्धा बुटिकवाले बाहेर देतात आणि बायका घरी, दुपारच्या वेळात, करून आणतात. नवरा कंपनीत, मुले शाळेत, आणि मांडीवर कोणाची तरी पैठणी.

या कामाला मिळणारा पैसा लाज वाटावी इतका थोडा आहे. साडीवर हजारो रुपये घालणारे गिऱ्हाईक फॉलच्या मजुरीत दहा रुपयांसाठी घासाघीस करते. टाका दिसू नये हीच त्याची गुणवत्ता, म्हणून त्याची किंमतही कोणाला दिसत नाही. हूडच्या कवितेतल्या बाईला मशीनने सोडवले म्हणतात. जिथे मशीन पोचले नाही तिथे ती बाई अजून बसलेली आहे.

दुसरीकडे शिवलेल्या नऊवारीचा धंदा जोरात आहे. इलॅस्टिक, तयार निऱ्या, पायजम्यासारखी चढवायची. ढोलपथकात, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत, दुचाकीवर ती सोयीची, आणि सोय हे काही पाप नव्हे. माझी तक्रार एवढीच की तिला ‘पारंपरिक’ आणि ‘पेशवाई’ म्हणून विकतात. नऊ वार कापडाचा मुद्दाच हा होता की त्याला सुई लागत नाही.

कोणाला खरोखर राणीच्या काळातली चोळी हाताने शिवून पाहायची असेल तर अवघड नाही, पण घाईने होणार नाही. खण सुती-रेशमी घ्यावा, पॉलिएस्टरचा नको. पॉलिएस्टरमध्ये हाताचा टाका सरकतो आणि कापड दाब घेत नाही. कागदाचा पॅटर्न करण्याआधी जुन्या मांजरपाटाची एक कच्ची चोळी बेतावी. बारीक सुई, सुती दोरा, दोऱ्याला मेण, बोटात अंगुस्तान. काखेच्या कळीची टोके सगळ्यात त्रास देतात: तिथे कापडाला माया ठेवायची विसरलात तर टोक उसवते, जास्त ठेवलीत तर काखेत गोळा होतो. शिवणीच्या कडा आत दाबून दुसऱ्यांदा हेम घालावी. आणि शिवून झाल्यावर आरशासमोर उभे न राहता हात वर करून पाहावा. चोळी जागेवर राहिली तर बेत जमला.

पाहायला काय आहे? पुण्यात बाजीराव रोडवर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. अडकित्ते आणि दिवे पाहून लोक बाहेर पडतात, तिथल्या कपड्यांसमोर थांबावे. म. वि. धुरंधरांनी रंगवलेल्या मुंबईच्या बायका पाहाव्यात. त्यांची नजर पदराच्या घडीपर्यंत जात होती. जॉन फोर्ब्स वॉटसनने १८६६ साली हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवून ग्रंथ तयार केला, त्यात लुगडी, पागोटी, चोळीचे खण सगळे आले. हेतू विलायती गिरण्यांनी ते पाहून नक्कल करावी हा होता. आपल्याला आज तो पुरावा म्हणून उपयोगी. आणि डॉ. गो. स. घुर्यांचा भारतीय वेषभूषेवरचा १९५१ चा इंग्रजी ग्रंथ आहेच. पण शिवणीची आतली बाजू यातल्या कोणत्याच चित्रात दिसत नाही. ती दिसते फक्त कपडा उलटा करून.

म्हणून वाचकांना एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत पेटीच्या तळाशी पणजीची चोळी, आजीचे लेसचे पोलके, कोणाची तरी कुंची सापडली तर ती उसवून कुशनला काठ लावू नका आणि बोहारणीलाही देऊ नका. ड्रायक्लीन करू नका. कपडा उलटा करा, काखेची कळी, बाहीची जोड, कडेची हेम यांची जवळून छायाचित्रे घ्या. कोणाचा, कोणत्या गावचा, साधारण कोणत्या सालचा, कोणी शिवला, हे जेवढे ठाऊक असेल तेवढे कागदावर लिहून त्याच्याबरोबर ठेवा, आणि दोन्ही धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. घरात त्याला वारस नसेल तर संग्रहालयाला विचारा. आणि पुढच्या वेळी फॉल लावून घ्याल तेव्हा मजुरीत घासाघीस करू नका.